'रेड रेड वाइन': गाण्यामागची गोष्ट आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेगे हे जमैकन संगीत आवडीने ऐकणारे, हॉटेलात किंवा कॉलेजच्या बँडमध्ये वाजवणारे आणि कुठेतरी हे गाणं कानावर पडल्यावर त्याचा माग काढू पाहणारे असे सगळेच आम्हाला प्रश्न पाठवतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांपासून आहे. वाजवण्याचे आणि परवानगीचे किचकट प्रश्न शेवटी आहेत.

१. हे गाणं नक्की कोणाचं? नील डायमंडचं की यूबी४० चं?

शब्द आणि चाल दोन्ही नील डायमंडचे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९४१ साली जन्मलेला हा गायक-गीतकार. त्याच्या १९६७ च्या 'जस्ट फॉर यू' या अल्बममध्ये हे गाणं पहिल्यांदा आलं. जगभर गाजलं ते मात्र इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या यूबी४० या बँडचं १९८३ चं ध्वनिमुद्रण. रचना एकाची आणि ध्वनिमुद्रण दुसऱ्याचं, हा फरक सुरुवातीलाच लक्षात घ्या. प्रश्न १६ मधला कायदा त्याच्यावरच उभा आहे. या दोघांच्या मध्ये टोनी ट्राइब नावाचा एक जमैकन गायक येतो, आणि आमच्या मते या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा दुवा तोच. त्याच्याबद्दल प्रश्न ४ मध्ये.

२. हे प्रेमगीत आहे की दारूचं गाणं?

विरहगीत आहे. प्रेयसी निघून गेली आहे, तिची आठवण पाठ सोडत नाही, आणि गाणारा समोरच्या लाल वाइनलाच विनवतो की तूच आता मला तिचा विसर पाड. काळ गेला की आठवणी आपोआप पुसट होतील असं त्याला वाटलं होतं, तसं झालं नाही. वाइन इथे मैत्रिणीच्या जागी आहे. पार्टीचं गाणं म्हणून ते ओळखलं जातं ते ठेक्यामुळे आणि प्रश्न ९ मधल्या भागामुळे. नुसते शब्द वाचले तर त्यात आनंदाची एकही ओळ सापडत नाही.

३. मूळ गाणं रेगे होतं का? ते तेव्हा का चाललं नाही?

नव्हतं, आणि १९६७ मध्ये ते असूही शकत नव्हतं. जमैकात 'स्का' आणि मग 'रॉकस्टेडी' असा प्रवास होऊन 'रेगे' हे नाव रुळलं ते १९६८ च्या सुमारास. नील डायमंडचं मूळ गाणं संथ, उदास आणि गिटारच्या साथीचं आहे.

ते तेव्हा गाजलं नाही यामागे कंपनीची घाईही होती. डायमंड 'बँग रेकॉर्ड्स' सोडून दुसरीकडे गेल्यावर बँगने जुन्या मुद्रणावर त्याच्या सहभागाशिवाय मागे गाणाऱ्यांचा कोरस चढवला आणि १९६८ मध्ये ते सिंगल म्हणून, म्हणजे सुट्या गाण्याची रेकॉर्ड म्हणून, बाजारात आणलं. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते ६२ व्या क्रमांकापर्यंत पोहोचून खाली आलं. कोरस असलेलं आणि नसलेलं अशी दोन्ही मुद्रणं आज ऐकायला मिळतात. कोरस नसलेलंच आधी ऐका, एकटेपणा त्यात जास्त जाणवतो.

४. मग ते रेगे केलं कोणी?

टोनी ट्राइबने, १९६९ मध्ये, लंडनमध्ये. निर्माता होता डँडी लिव्हिंगस्टन, आणि रेकॉर्ड निघाली 'डाउनटाउन' या लेबलवर. हे लेबल 'ट्रोजन रेकॉर्ड्स'चं. ट्रोजन ही १९६८ मध्ये सुरू झालेली, जमैकन संगीत ब्रिटनमध्ये विकणारी कंपनी. टोनी ट्राइबचं गाणं ब्रिटिश यादीत फक्त ४६ व्या क्रमांकापर्यंत गेलं, पण ट्रोजनसाठी यादीत शिरण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्याच्या आधी, १९६८ मध्ये, जिमी जेम्स अँड द व्हॅगाबॉन्ड्सनेही हे गाणं गाऊन ब्रिटनमध्ये ३६ वा क्रमांक गाठला होता. जिमी जेम्स मूळचा जमैकाचा, पण त्याचा बाज सोल संगीताचा. रेगेच्या ठेक्यावर गाणं पहिल्यांदा घट्ट बसवलं ते टोनी ट्राइबने. डायमंडच्या संथ रडगाण्याला नाचता येईल असा वेग त्याने दिला. त्याने तो दिला नसता तर यूबी४० च्या पोरांच्या कानावर हे गाणं कदाचित पडलंच नसतं. एवढं असून आजही बहुतेक याद्यांत त्याचं नाव नसतं, याचं वाईट वाटतं.

५. यूबी४० म्हणजे कोण? असलं नाव का?

ब्रिटनमध्ये बेरोजगार भत्त्यासाठी जो सरकारी फॉर्म मिळायचा, त्याचा क्रमांक यूबी४०. १९७८ मध्ये बर्मिंगहॅममध्ये बँड जमला तेव्हा त्यातले बरेचसे त्याच भत्त्यावर दिवस काढत होते. १९८० च्या 'साइनिंग ऑफ' या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तोच फॉर्म छापला आहे, आणि भत्त्याच्या यादीतून नाव कमी करून घेणं हाच त्या शीर्षकाचा अर्थ.

आठ जण: ॲली कॅम्बेल मुख्य गायक, त्याचा भाऊ रॉबिन गिटारवर, जिमी ब्राउन ड्रमवर, अर्ल फॉकनर बेसवर, ब्रायन ट्रॅव्हर्स सॅक्सोफोनवर, मिकी व्हर्च्यू कीबोर्डवर, नॉर्मन हसन तालवाद्यांवर आणि टेरेन्स विल्सन, म्हणजे सगळे ज्याला 'ॲस्ट्रो' म्हणत तो. गोरे-काळे एकत्र असलेला हा बँड. कॅम्बेल बंधूंचे वडील इयन कॅम्बेल हे स्कॉटिश लोकगायक, त्यामुळे घरात गाणं होतंच. आणि ही मुलं ज्या वस्तीत वाढली तिथे जमैकाहून आलेली कुटुंबं शेजारी होती. रेगे त्यांना गल्लीत, घराघरांतल्या रेकॉर्ड प्लेअरवर मिळालं. त्यांनी ते बाहेरून आणलेलं फॅशनेबल संगीत म्हणून उचललं, हा आरोप म्हणूनच पटत नाही.

६. हे गाणं नील डायमंडचं आहे हे यूबी४० ला ठाऊकच नव्हतं, हे खरं का?

खरं. ॲस्ट्रोने मुलाखतीत हे स्पष्ट सांगितलं आहे. त्यांना माहीत होती ती टोनी ट्राइबची रेकॉर्ड. लेबलवर गीतकाराचं नाव 'एन. डायमंड' असं होतं, आणि हा कोणी 'नेगस डायमंड' नावाचा जमैकन असणार असं त्यांनी धरून चाललं होतं. 'नेगस' ही इथिओपियाच्या राजांची पदवी. सम्राट हैले सेलासीला पूज्य मानणाऱ्या रास्ताफारी पंथामुळे जमैकात असं नाव अजिबात विचित्र वाटलं नसतं. मूळ गाणं अमेरिकेतल्या एका पॉप गायकाचं आहे हे त्यांना नंतर कळलं.

या अज्ञानाचा गाण्याला फायदाच झाला असं आमचं मत आहे. डायमंडची छाया डोक्यावर नव्हती, त्यामुळे आवाजात ओढूनताणून आणलेला गंभीरपणा नाही. ॲलीने ते लहानपणी ऐकलेलं जमैकन गाणं म्हणून मोकळेपणाने गायलं आहे.

७. स्वतःची गाणी असताना त्यांनी दुसऱ्यांचंच गाणं का निवडलं?

कारण तो अख्खा अल्बमच तसा होता. 'लेबर ऑफ लव्ह' (१९८३) मध्ये त्यांनी पोरवयात, १९६९ ते १९७२ च्या आसपास, ज्या रेगे गाण्यांवर जीव लावला होता ती गाणी पुन्हा गायली. त्यात जिमी क्लिफचं 'मेनी रिव्हर्स टू क्रॉस' आहे, जमैकाच्या १९७१ च्या फेस्टिव्हल गीतस्पर्धेत जिंकलेलं एरिक डोनाल्डसनचं 'चेरी ओ बेबी' आहे. त्याआधीची यूबी४० ची बरीच गाणी राजकीय होती: बेकारी, वंशवाद, उपासमार. त्यामुळे जुन्या चाहत्यांतले काही नाराज झाले. पण ज्या गायकांची नावं ब्रिटनमधल्या बहुतेकांनी ऐकलीही नव्हती, त्यांची गाणी यामुळे घरोघरी गेली. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला, आणि पुढे १९८९, १९९८ व २०१० मध्ये याच मालिकेतले आणखी तीन भाग निघाले.

८. माझ्याकडच्या फाइलवर गायक म्हणून बॉब मार्ली लिहिलं आहे. त्याने हे गायलं होतं का?

नाही. इंटरनेटवर गाण्यांच्या फाइल एकमेकांना पाठवण्याचं पेव फुटलं त्या काळात, रेगे दिसलं की मार्लीचं नाव चिकटवायचं अशी सवय लोकांना लागली. मार्ली ११ मे १९८१ ला गेला, आणि यूबी४० चं मुद्रण १९८३ चं आहे. फाइलवरचं नाव दुरुस्त करा आणि पुढे पाठवताना दुरुस्त करूनच पाठवा.

९. मध्येच कोणी तरी भरभर बोलल्यासारखं गातं. तो रॅप आहे का? मूळ गाण्यात होता का?

मूळ गाण्यात नव्हता. तो ॲस्ट्रोचा भाग आहे, आणि जमैकात त्याला 'टोस्टिंग' म्हणतात. किंग्स्टनच्या रस्त्यांवर मोठमोठे लाउडस्पीकर लावून रेकॉर्ड वाजवणाऱ्यांना 'साउंड सिस्टिम' म्हणत. त्यांचा निवेदक रेकॉर्डच्या शब्दविरहित बाजूवर स्वतःच्या ओळी ठेक्यात म्हणायचा. यू-रॉयने १९७० मध्ये अशा रेकॉर्ड गाजवल्या आणि ही कला स्टुडिओत आली. जमैकात जन्मलेल्या कूल हर्कने १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात अशीच पद्धत रुजवली, तिथून हिप-हॉप उगवलं. म्हणजे टोस्टिंग हे रॅपचं थोरलं भावंड.

ॲस्ट्रोच्या ओळींत सूर पालटतो. ॲली विरहाने खचलेला, तर ॲस्ट्रो म्हणतो की ही वाइन प्यायली की कसं झकास वाटतं, कसं सतत डोलायला होतं. दुःख आणि मजा एकाच ठेक्यावर शेजारी उभी राहतात, आणि हा भाग गाणं तोलून धरतो. तो काही मुद्रणांत आहे, काहींत नाही; का आणि कसं ते प्रश्न १० व ११ मध्ये.

१०. इंग्लंडमध्ये १९८३ ला पहिलं आलेलं गाणं अमेरिकेत १९८८ ला पहिलं कसं आलं?

ही या गाण्याची सर्वांत विलक्षण बाजू. ब्रिटनमध्ये ऑगस्ट १९८३ मध्ये ते निघालं आणि सप्टेंबरमध्ये तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. तिथली यादी तेव्हा विक्रीवर ठरायची, आणि रेगे विकत घेणारा वर्ग ट्रोजनच्या दिवसांपासून तयार होता. अमेरिकेत तसा वर्ग नव्हता. तिथल्या यादीत दुकानातल्या विक्रीबरोबर रेडिओवर गाणं किती वाजतं हेही धरलं जाई, आणि पॉप केंद्रं रेगेला फारशी जागा देत नसत. मार्च १९८४ मध्ये गाणं ३४ व्या क्रमांकावर अडकलं आणि उतरलं.

मग ११ जून १९८८ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मोठी मैफल झाली. मंडेला तेव्हा तुरुंगातच होते, मैफल जगभर टीव्हीवर दाखवली गेली, आणि यूबी४० ने तिथे हे गाणं सादर केलं. त्यानंतर काही दिवसांतच ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरातल्या केझेडझेडपी केंद्राचा कार्यक्रमप्रमुख गाय झापोलिऑन याने पाच वर्षं जुनं हे गाणं वाजवायला घेतलं, आणि तेही ॲस्ट्रोच्या टोस्टिंगसकट असलेलं. श्रोत्यांचे फोन सुरू झाले, इतर केंद्रांनी उचललं, आणि ए अँड एम या कंपनीने ते नव्याने बाजारात आणलं. १५ ऑक्टोबर १९८८ च्या यादीत ते एक आठवडा पहिल्या क्रमांकावर होतं.

गाणं तेच, मग १९८४ आणि १९८८ मध्ये फरक कशाचा? आमच्या मते टोस्टिंगचा. १९८४ च्या छोट्या सिंगलमध्ये तो भाग कापलेला होता. १९८८ पर्यंत रॅप अमेरिकन रेडिओला ओळखीचं झालं होतं, आणि जो भाग अडचणीचा समजून वगळला होता त्यानेच श्रोत्यांना धरून ठेवलं. कंपन्या गाणं आटोपशीर करण्याच्या नादात कधी कधी त्याचा जीवच कापतात.

११. माझ्याकडे कोणतं मुद्रण आहे हे कसं ओळखू?

लांबी पाहा. साधारण तीन मिनिटांचं असेल आणि टोस्टिंग नसेल तर ते १९८३ चं सिंगल. पाच मिनिटांच्या वर असेल आणि ॲलीचं गाणं संपल्यावर ॲस्ट्रो सुरू होत असेल तर ते अल्बममधलं. कोरससकट संथ गाणं म्हणजे बँगचं १९६८ चं. जुनाट, उड्या मारत चालणारा ठेका असेल तर टोनी ट्राइब. मैफलीतली मुद्रणं टाळ्यांमुळे लगेच कळतात. स्ट्रीमिंगवर संग्रहांच्या अल्बममध्ये अनेकदा छोटं मुद्रण असतं; पूर्ण हवं असेल तर थेट 'लेबर ऑफ लव्ह' उघडा.

१२. याला 'लव्हर्स रॉक' म्हणता येईल का?

काटेकोरपणे नाही. लव्हर्स रॉक हा १९७० च्या दशकाच्या मध्यात लंडनमधल्या कृष्णवर्णीय तरुणांत जन्मलेला प्रकार: मऊ रेगे, प्रेमाचे शब्द, बहुतेकदा तरुण मुलींचे आवाज. लुइसा मार्कचं १९७५ चं 'कॉट यू इन अ लाय' ही त्याची सुरुवात मानतात. डेनिस बोव्हेलने रचलेलं, जॅनेट केने गायलेलं 'सिली गेम्स' १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. यूबी४० ने त्या मऊपणाचा फायदा घेतला, पण त्यांची मुळं त्याआधीच्या ट्रोजनच्या काळात आहेत. 'पॉप-रेगे' हे नाव जास्त बरोबर. तुम्हाला रोमँटिक रेगेची गोडी यातून लागली असेल तर पुढचं पाऊल म्हणून 'सिली गेम्स' ऐका. त्यातला शेवटचा उंच स्वर विसरता येत नाही.

१३. नील डायमंडला हे आवडलं का?

हो, आणि त्याने ते मनापासून दाखवलं. यूबी४० नंतर तो स्वतःच्या मैफलींत हे गाणं रेगेच्या अंगाने गाऊ लागला. आपल्याच गाण्याची दुसऱ्याने बदललेली चाल गीतकाराने उचलणं ही मोठी दाद आहे. पार्किन्सनच्या आजारामुळे २०१८ मध्ये त्याने दौरे थांबवले, आणि २०२२ मध्ये त्याच्या सगळ्या गाण्यांचे हक्क युनिव्हर्सल म्युझिककडे गेले.

१४. आमच्या बँडला हे वाजवायचं आहे. कॉर्ड सोप्या वाटतात, पण रेगेसारखं वाजत नाही. कुठे चुकतंय?

कॉर्ड सोप्याच आहेत: सी, एफ आणि जी या तिनांत काम भागतं (सा-ग-प, म-ध-सां, प-नी-रें). गायकाच्या आवाजाप्रमाणे कॅपो लावा. चूक जवळजवळ नेहमी ठेक्यात असते.

वेग मिनिटाला ९० ठोक्यांच्या आसपास ठेवा आणि 'एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि' असं मोजा. या आठ जागा म्हणजे कहरव्याच्या आठ मात्रा समजा. गिटारचा घाव पडतो तो 'आणि'वर, म्हणजे २, ४, ६, ८ या मात्रांवर. ड्रमचा मुख्य ठोका, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि रिमशॉट (छोट्या ड्रमच्या कडेवरचा घाव) एकत्र, पडतो ३ आणि ७ वर. आणि पहिली मात्रा ड्रमर मोकळी सोडतो. यालाच 'वन ड्रॉप' म्हणतात. आपल्याकडच्या ढोलकी-तबल्यावर तयार झालेल्या हाताला इथेच त्रास होतो, कारण समेवर जोर द्यायचा हे अंगात भिनलेलं असतं. समेवर किक मारली की रेगे तिथेच संपतं. सरावाला ड्रमरने सुरुवातीला फक्त ३ आणि ७ वाजवावेत, बाकी हाय-हॅट. हे पाच मिनिटं न अडखळता जमलं की मग पुढे जा.

गिटारवर सहाही तारा वाजवू नका. वरच्या आवाजाच्या तीन-चार तारांवर खाली जाणारा छोटा फटका मारा आणि लगेच डाव्या हाताची बोटं सैल करा. बोटं तारांवरून उचलायची नाहीत, फक्त दाब काढायचा. आवाज 'चक्' असा तुटला पाहिजे. तो लांबला तर सगळं चिखल होतं.

कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज घ्या आणि 'बबल' वाजवा: गिटारच्या घावाच्या किंचित आधी डावा हात, घावाबरोबर उजवा, लगेच नंतर परत डावा. आवाज इतका हळू ठेवा की तो थांबला तरच कळावा.

बेस हा रेगेचा खरा गायक. टोन कंट्रोल पूर्ण खाली, बोटांनी वाजवा, पिक नको. प्रत्येक मात्रेवर स्वर भरू नका. दोन वाक्यांमधली जागा रिकामी सोडा. बेसवाला शांत बसायला घाबरतो तेव्हा गाणं जड होतं.

गायकाने पुढे पळू नये. ॲलीचा आवाज ठेक्याच्या जरासा मागे रेलून चालतो. आणि टोस्टिंग करायचं असेल तर ॲस्ट्रोचा उच्चार नकलू नका, स्वतःच्या आवाजात म्हणा. नकल ऐकणाऱ्याला लगेच कळते आणि खटकते.

१५. लग्नाच्या रिसेप्शनला हे वाजवणं बरं दिसेल का?

शब्द समजणारे पाहुणे असतील तर थोडं विचित्र वाटेल, कारण विषय सोडून गेलेल्या प्रेयसीचा आहे (प्रश्न २). जेवणाच्या वेळी मागे चालू राहिलं तर कोणी हरकत घेत नाही. नवरा-नवरीच्या नाचासाठी मात्र यूबी४० चंच १९९३ चं 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह' घ्या. ते अमेरिकेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि त्यात खरोखर प्रेमाचीच कबुली आहे. परवानगीचा प्रश्न वेगळा, तो खाली आहे.

१६. भारतात हे गाणं सादर करायला, रेकॉर्ड करायला किंवा मराठीत आणायला परवानगी लागते का?

तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि गोंधळ इथेच होतो.

हॉटेलात किंवा तिकीट लावलेल्या कार्यक्रमात प्रत्यक्ष गायचं असेल तर शब्द आणि चाल यांचा परवाना लागतो. भारतात तो आयपीआरएस ही संस्था देते. तो घेण्याची जबाबदारी सहसा जागेच्या मालकाची किंवा आयोजकाची असते, पण करार करताना तसं लिहून घ्या. यूबी४० चं मुद्रण डीजे वाजवणार असेल तर त्या मुद्रणाचा परवाना निराळा.

लग्नाबद्दल: कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ यांना सूट आहे. हॉटेलातल्या कार्यक्रमांना ती कुठवर लागू होते यावर वाद चालतो. गोवा सरकारने २०२४ मध्ये या सवलतीबद्दल काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी रद्द केलं. म्हणून गोव्यात हॉटेलवर लग्न ठरवत असाल तर आगाऊ विचारून घ्या.

स्वतःचं कव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याचं आपलं मुद्रण, रेकॉर्ड करून विकायचं असेल तर कलम ३१सी लागतं. मूळ गाण्याचं पहिलं मुद्रण झालं त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं उलटलेली असावीत. इथे ती केव्हाच उलटली आहेत. हक्कधारकाला आधी नोटीस द्यायची, वेष्टनाचा नमुना द्यायचा, रॉयल्टी आगाऊ भरायची, आणि 'हे कव्हर आहे' असं स्पष्ट छापायचं. रॉयल्टी वर्षाला किमान ५०,००० प्रतींची धरली जाते, त्यामुळे छोट्या बँडला हा रस्ता महाग पडतो. थेट हक्कधारक प्रकाशकाशी बोलून परवाना घेणं बऱ्याचदा स्वस्त आणि सोपं.

मराठी शब्द घालून गायचं असेल तर कलम ३१सी कामाचं नाही. त्यात मूळ रचनेत पूर्वी न झालेले बदल करता येत नाहीत. भाषांतर किंवा नवे शब्द यांना हक्कधारकाची लेखी परवानगी हवीच, यूट्यूबवर फुकट टाकणार असाल तरीही. 'श्रेय दिलं आहे' हे परवानगीच्या जागी चालत नाही. परवानगीशिवाय टाकलेलं गाणं यूट्यूब आपोआप ओळखू शकतं. मग उत्पन्न हक्कधारकाकडे जातं किंवा व्हिडिओ बंद होतो.

१७. व्हिडिओतला पब खरा आहे का? बर्मिंगहॅमला गेलो तर बघता येईल?

खरा होता: डिगबेथ भागातला 'ईगल अँड टन'. बर्नार्ड रोझने दिग्दर्शित केलेला काळा-पांढरा व्हिडिओ तिथे चित्रित झाला. एचएस-२ या वेगवान रेल्वेमार्गासाठी ती इमारत पाडली गेली, त्यामुळे आता बघण्यासारखं काही नाही. रेगेसाठीच बर्मिंगहॅमला जात असाल तर किंग्ज हीथमधला 'हेअर अँड हाउंड्स' पब अजून आहे. यूबी४० चा पहिला कार्यक्रम फेब्रुवारी १९७९ मध्ये तिथेच झाला.

१८. बर्मिंगहॅमच्या रेगेचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे. हँड्सवर्थ भागात पंजाबी आणि जमैकन कुटुंबं एकाच रस्त्यावर राहत, आणि तिथूनच 'अपाची इंडियन' म्हणजे स्टीव्हन कपूर आला. त्याचं 'बूम शॅक-अ-लॅक' १९९३ मध्ये गाजलं, आणि त्याच्या संगीतात रेगेच्या वंशातला डान्सहॉल आणि भांगडा एकत्र येतात. आपल्याकडे रेगे प्रत्यक्ष ऐकायचं तर गोवा. दिल्लीच्या रेगे राजाज या गटाने २०१६ मध्ये सुरू केलेला 'गोवा सनस्प्लॅश' हा त्यासाठीचा खास महोत्सव.

१९. आता दोन यूबी४० आहेत म्हणतात. तिकीट कोणाचं काढू?

ॲली कॅम्बेल २००८ मध्ये मूळ बँडमधून बाहेर पडला. मिकी व्हर्च्यूनेही बँड सोडला. बँडने ॲलीच्या जागी त्याचाच भाऊ डंकन याला घेतलं. २०१३ मध्ये ॲस्ट्रोही बाहेर पडून ॲलीकडे गेला आणि दोन्ही गट यूबी४० हेच नाव वापरत राहिले. ॲलीच्या गटाच्या नावाला त्याचं नाव जोडलेलं असतं. २०२१ मध्ये ऑगस्टमध्ये ब्रायन ट्रॅव्हर्स आणि नोव्हेंबरमध्ये ॲस्ट्रो वारले. त्याच वर्षी डंकन आजारपणामुळे निवृत्त झाला आणि मॅट डॉइल मूळ बँडचा गायक झाला.

रेकॉर्डवरचा तो आवाज ऐकायचा असेल तर ॲलीच्या गटाचं तिकीट काढा. मुद्रणातली गिटार आणि ड्रम ज्यांनी वाजवले ते रॉबिन आणि जिमी ब्राउन मूळ यूबी४० कडे आहेत. जाहिरातीत नुसतं 'यूबी४०' असेल तर खाली छोट्या अक्षरांत गायकाचं नाव काय आहे ते पैसे भरण्याआधी वाचा.